चिंटू
मराठी वृत्तपत्रांतील एक लोकप्रिय व्यंगचित्रमालिका व तिचा बालनायक. चारुहास पंडित व प्रभाकर वाडेकर यांनी निर्माण केलेली ही मालिका २१ नोव्हेंबर १९९१ रोजी सकाळ या दैनिकात सुरू झाली. मध्यमवर्गीय घरातील खोडकर चिंटू, त्याचे आईवडील आणि पप्पू, मिनी, राजू, बगळ्या हे सवंगडी यांच्याभोवती तिचा विनोद फिरतो. मोजक्या चौकटींत प्रसंग संपतो व दुसऱ्या दिवशी नवा येतो. त्यामुळे वर्षे लोटली, तरी चिंटू लहानच राहतो. माचिको हासेगावा यांची साझाए-सान (१९४६–७४) ही जपानी मांगा मालिकाही अशीच चार चौकटींची होती व तिच्यावरही नटनटी घेऊन चित्रपट काढण्यात आले. दीर्घ कथेच्या मांगावरून चित्रपट करताना कथानक छाटावे लागते. अशा मालिकांसाठी मात्र ते नव्याने रचावे लागते. श्रीरंग गोडबोले दिग्दर्शित चिंटू (२०१२) या चित्रपटात मुलांच्या हातून जाणारे खेळाचे मैदान, तर चिंटू २ (२०१३) मध्ये खजिन्याचा शोध हा कथेचा आधार आहे. रेखाटलेले मूल वाढत नाही, बालनट मात्र वाढतो. म्हणून अशा चित्रपटांना अवधी थोडाच मिळतो.