पाहणीचा खर्च की धंद्याचे भांडवल?

मोठ्या वास्तुविशारद कंपन्या काम हाती घेण्यापूर्वी आपल्या माणसांना परदेशातील एखादे शहर पाहायला पाठवतात, असे सांगितले की आपले अनेक व्यापारी बंधू हसतात. "धंदा सोडून सहल कसली?" असे विचारतात. आमच्या मते हा खर्च भांडवलात धरला पाहिजे. एक उदाहरण पाहू.

कतारची राजधानी दोहा येथे इस्लामी कलेचे संग्रहालय उभारण्याचे काम चिनी वंशाचे अमेरिकन वास्तुविशारद आय. एम. पेई यांच्याकडे आले. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयापुढील काचेचा पिरॅमिड (१९८९) त्यांचाच. वय ऐंशीच्या पुढे, कीर्ती जगभर. तरीही इस्लामी वास्तुकलेची आपली माहिती अपुरी आहे हे त्यांनी मान्य केले आणि ते प्रवासाला निघाले. स्पेनमधील कुर्तुबाची मस्जिद, आपली फतेहपूर सिक्री, दमिश्कची उमय्या मस्जिद त्यांनी पाहिली. या इमारती सुंदर खऱ्या, पण प्रत्येकीवर त्या त्या भूमीची छाप होती. ट्युनिशियातील जुन्या किल्ल्यांच्या साध्या भिंतींवरचा ऊनसावलीचा खेळ मात्र त्यांना भावला.

त्यांचा शोध संपला काहिरा शहरात. तेथील इब्न तुलून मस्जिद ८७९ साली पूर्ण झाली. तिच्या अंगणात वुजूच्या हौदावर १२९६ साली सुलतान लाजीन याने बांधलेली घुमटी आहे. खाली चौकोन, त्यावर अष्टकोन, वर घुमट. नक्षीचा भार नाही; उन्हाने जी सावली पडते तीच तिची शोभा. पेई यांना हवे होते ते येथे सापडले.

२००८ साली दोह्याचे संग्रहालय खुले झाले. फिकट रंगाच्या चुनखडी दगडाचे चौकोनी व अष्टकोनी टप्पे एकावर एक चढत जातात. काहिऱ्याची नक्कल मात्र कोठेच नाही. शेजारी उद्या उंच इमारती उठून शोभा झाकू नये, म्हणून ते समुद्रात भराव टाकून केलेल्या बेटावर बांधले आहे.

यातून आपण काय घ्यायचे? आपल्याकडे गिऱ्हाईक छायाचित्र आणते आणि कारागीर तसेच्या तसे उतरवून देतो. छायाचित्रात नक्षी दिसते. भिंतीची जाडी, दगडाचा सांधा, दुपारचे ऊन दिसत नाही. शिवाय पाहणीला जातो तो मालक; प्रत्यक्ष हात चालवणारा गवंडी, सुतार मागेच राहतो. मग मालकाने पाहिलेले कामात उतरणार कसे?

आमची सूचना साधी आहे. परदेशच गाठला पाहिजे असे नाही. वर्षातून एकदा दोन-तीन कारागिरांना सोबत घ्या आणि एखादे जुने शहर नीट पाहा. त्या दिवसांची मजुरी कापू नका. मापे घ्या, वहीत उतरवा, परतल्यावर एकत्र बसून बोला. हाताला नवे काम सुचले, तर भाडे सहज वसूल होते.