छातीइतकं पाणी पुरेसं आहे

जळगाव-धुळ्यात मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो आणि सकाळी आठनंतर भरभर चालणंही नको होतं. अशा वेळी छोटा जलतरण तलाव नवख्याला पुरतो, पोहता येत नसलं तरी. खेड्यातली मुलं पाठीला सुका भोपळा बांधून विहिरीत पोहायला शिकत. तिथे पाय टेकायची सोय नसे. इथे ती आहे, आणि खरा फायदा तोच. कमरेइतकं पाणी शरीराचा साधारण निम्मा भार पेलतं, छातीइतकं त्याहून बराच जास्त. म्हणून दुखऱ्या गुडघ्यांनाही चालणं झेपतं. व्यायाम मात्र हलका होत नाही. वेग दुप्पट केला की पाण्याचा रोध सुमारे चौपट होतो. तळहाताच्या कडेने पाणी कापा, मग सपाट पंज्याने ढकला. फरक दंडाला लगेच कळतो.

‘एवढ्याशा तलावात काय पोहणार?’ हा आक्षेप लांब पल्ल्याच्या पोहण्याला लागू. चालायला, गुडघे उचलायला, कठडा धरून पाय मारायला लांबी लागतेच कुठे? दुसरा आक्षेप मात्र रास्त आहे: भार कमी म्हणजे हाडांवर ताणही कमी, तेव्हा अधूनमधून जमिनीवर चालायलाच हवं. शिवाय पाण्यात आलेला घाम जाणवत नाही. प्यायच्या पाण्याची बाटली काठावर हवीच.