इंग्लंडमधील खेड्याचा गावगाडा चालतो कसा?

- विशेष प्रतिनिधी

इंग्लंडमधील खेड्यात बसथांब्याजवळ किंवा चर्चच्या फाटकाशी काचेच्या झाकणाचा एक सूचनाफलक हमखास आढळतो. त्यावर पॅरिश कौन्सिलच्या पुढील बैठकीची विषयपत्रिका लावलेली असते. शेजारी जुन्या वस्तूंच्या विक्रीची जाहिरात, हरवलेल्या मांजराचे छायाचित्र आणि गावच्या सभागृहाच्या छपरासाठी मदतीचे आवाहन. विषयपत्रिकेतले विषयही तसेच साधे असतात. खेळाच्या मैदानावरील गवताची कापणी, रस्त्यावरचे खड्डे, कुत्री फिरवणाऱ्यांनी मागे ठेवलेली घाण, शाळेसमोरून भरधाव जाणाऱ्या मोटारी, आणि कोणा शेजाऱ्याने घराला नवी खोली जोडण्यासाठी केलेला अर्ज.

लंडनच्या वृत्तपत्रांना यातली एकही बातमी छापावीशी वाटणार नाही. तरीही इंग्लंडच्या खेड्यांतील माणसांचे रोजचे जगणे याच विषयांशी बांधलेले आहे. दुकान बंद झाले तर दुधासाठी काही मैल जावे लागते. बस बंद झाली तर मोटार न चालवणारा म्हातारा माणूस घरातच अडकतो. म्हणूनच या फलकामागे असलेली व्यवस्था समजून घेण्यासारखी आहे.

चर्चकडून गावाकडे

‘पॅरिश’ हा शब्द मूळचा चर्चचा. एका धर्मगुरूच्या देखरेखीखालील परिसर म्हणजे पॅरिश. कित्येक शतके गावचा कारभारही चर्चच्याच सभेत चालत असे. गरिबांना मदत, रस्त्यांची डागडुजी, दफनभूमीची व्यवस्था हे सारे ही सभा पाहत असे, आणि तिच्यावर धर्मगुरू व जमीनदार यांचे वर्चस्व असे.

१८९४ च्या स्थानिक स्वराज्य कायद्याने हे चित्र बदलले. धर्माचा पॅरिश वेगळा आणि नागरी कारभाराचा पॅरिश वेगळा झाला. तीनशे किंवा त्याहून अधिक वस्तीच्या ग्रामीण पॅरिशमध्ये निवडून आलेली कौन्सिल अस्तित्वात आली. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये पहिल्या निवडणुका झाल्या. विशेष म्हणजे ब्रिटनच्या संसदेसाठी मत देण्याचा हक्क स्त्रियांना मिळण्यास अजून चोवीस वर्षे अवकाश असताना, गावच्या या कौन्सिलसाठी त्यांना मत देता येत होते आणि उमेदवारीही करता येत होती.

आज इंग्लंडमध्ये अशा सुमारे दहा हजार पॅरिश व टाऊन कौन्सिल आहेत आणि त्यांवर सुमारे एक लाख सदस्य काम करतात. त्यांपैकी बहुतेकांना यासाठी एक पेनीही मिळत नाही. कौन्सिलवर किमान पाच सदस्य असावे लागतात. अध्यक्षाची निवड सदस्यच दरवर्षी मे महिन्यात करतात. पगारी माणूस बहुधा एकच असतो, तो म्हणजे क्लार्क. आपल्याकडील ग्रामसेवकाशी त्याची तुलना करता येईल. फरक असा की त्याला सरकार पाठवत नाही, कौन्सिलच नेमते. छोट्या गावात तो आठवड्यातले काही तासच काम करतो आणि कार्यालय म्हणजे अनेकदा त्याच्या घरातले टेबल असते.

अधिकार थोडे, तक्रारी सर्व

या कौन्सिलकडे येणारा पैसा ‘प्रिसेप्ट’ या नावाने ओळखला जातो. घरोघरी जो कौन्सिल टॅक्स भरला जातो त्यातच पॅरिशचा वाटा धरलेला असतो. वरची संस्था तो गोळा करते आणि पॅरिशला देते. किती रक्कम हवी हे पॅरिश कौन्सिल स्वतः ठरवते. त्यामुळे खेळाच्या मैदानावर नवा झोपाळा बसवायचा म्हटला की त्याचा भार आपल्या शेजाऱ्यांच्या बिलावर पडणार, हे प्रत्येक सदस्याला ठाऊक असते. दुकानात, रस्त्यात, चर्चमध्ये ते शेजारी भेटणारच असतात.

या पैशातून बसथांब्याचा निवारा, बाक, रस्त्यावरचे दिवे, मैदान, दफनभूमी, भाजीपाल्याच्या भाडेपट्ट्याच्या तुकड्यांची व्यवस्था होते. ‘अलॉटमेंट’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या या तुकड्यांचे प्रस्थ मोठे आहे. प्रमाण तुकडा सुमारे २५० चौरस मीटरचा असतो. १९०८ च्या कायद्यानुसार सहा मतदारांनी लेखी मागणी केली तर तिचा विचार करणे कौन्सिलला भाग पडते. घराला लागून बाग नसलेल्या कुटुंबाला बटाटे, कांदे, घेवडा पिकवता यावा हा त्यामागचा हेतू.

मात्र गावकऱ्यांच्या सर्वाधिक तक्रारी ज्या विषयांबद्दल असतात, ते विषय पॅरिशच्या हातात नसतात. रस्त्यावरील खड्डे काऊंटीकडे, कचरा उचलणे डिस्ट्रिक्टकडे, बांधकामाची परवानगीही डिस्ट्रिक्टकडे. उत्तर यॉर्कशायर किंवा सॉमरसेटसारख्या भागांत एप्रिल २०२३ पासून या दोन्ही पातळ्या एक करण्यात आल्या. बांधकामाच्या अर्जावर पॅरिश कौन्सिलचे मत मागवले जाते, परंतु ते मान्य करण्याचे बंधन नसते. गावाच्या कडेला शंभर घरांची वसाहत उभी राहणार असेल तर सभागृह माणसांनी भरून जाते, भाषणे होतात, हरकतीचे पत्र धाडले जाते. निर्णय मात्र दूरच्या शहरातील कार्यालयात होतो. घरी परतणाऱ्या गावकऱ्याला यातून जी हतबलता वाटते ती समजण्यासारखी आहे.

ही दरी काही अंशी भरून काढण्यासाठी २०११ च्या स्थानिकता कायद्याने गावांना ‘परिसर आराखडा’ करण्याचा हक्क दिला. कोठे घरे व्हावीत, कोठे होऊ नयेत, ती कशी असावीत याचे नियम गाव स्वतः तयार करते आणि त्यावर सार्वमत घेतले जाते. बहुमत मिळाल्यास परवानगी देताना वरच्या संस्थेला तो आराखडा विचारात घ्यावाच लागतो. असे पहिले सार्वमत मार्च २०१३ मध्ये कम्ब्रियातील अप्पर ईडन येथे झाले. कॉर्नवॉलमधील सेंट आइव्ज या समुद्रकाठच्या छोट्या शहराने २०१६ मध्ये याच मार्गाने एक धाडसी नियम केला. नव्याने बांधलेले घर कायम राहणाऱ्यालाच मिळेल, सुट्टीपुरते येणाऱ्याला नाही. शहरी श्रीमंतांनी घेतलेल्या सुट्टीच्या घरांमुळे स्थानिक तरुणांना घर परवडेनासे झाले होते. मतदान करणाऱ्यांपैकी ऐंशी टक्क्यांहून अधिक लोकांनी या आराखड्याच्या बाजूने कौल दिला.

दार उघडे, खुर्च्या रिकाम्या

कौन्सिलच्या बैठकीची सूचना तीन पूर्ण दिवस आधी लावावी लागते आणि बैठकीला कोणालाही बसता येते. पत्रकारालाही. हा हक्क १९६० च्या कायद्याने मिळाला, आणि त्याचे विधेयक मांडले होते नुकत्याच निवडून आलेल्या एका खासदार बाईंनी. त्यांचे नाव मार्गारेट थॅचर. संसदेतील त्यांचे पहिले भाषण याच विधेयकावर झाले. याशिवाय दरवर्षी १ मार्च ते १ जून या काळात संपूर्ण गावाची एक सभा घेतली जाते. ती कौन्सिलची नसून मतदारांची असते.

दार असे उघडे असले तरी आत येणारे मोजकेच असतात. निवडणूक दर चार वर्षांनी होते, पण पुष्कळ गावांत जागांइतकेही उमेदवार मिळत नाहीत आणि सारे बिनविरोध निवडून येतात. मध्येच एखादी जागा रिकामी झाली तर दहा मतदारांनी मुदतीत मागणी केल्यासच पोटनिवडणूक होते. अन्यथा कौन्सिल स्वतःच कोणाला तरी सदस्य म्हणून स्वीकृत करते. परिणामी त्याच त्या निवृत्त मंडळींच्या हाती कारभार राहतो आणि नोकरी व मुले सांभाळणारी पिढी बाहेरच राहते, असा आक्षेप वारंवार घेतला जातो.

मतभेद विकोपाला गेले तर काय होते हे साऱ्या जगाने एकदा पाहिले. करोनाच्या काळात, डिसेंबर २०२० मध्ये चेशायरमधील हँडफोर्थ पॅरिश कौन्सिलची बैठक संगणकाच्या पडद्यावर भरली होती. बैठक कायदेशीर आहे की नाही यावरून अध्यक्षांचा आवाज चढला. बैठकीस मदत करण्यासाठी आलेल्या जॅकी वीव्हर यांनी त्यांना बैठकीतून बाहेर काढले. फेब्रुवारी २०२१ मध्ये या बैठकीचे चित्रण पसरले आणि लाखो लोकांनी ते हसत हसत पाहिले. हसण्यामागे ओळखही होती. गावच्या बैठकीत बसलेल्या प्रत्येकाने ते आवाज कधी ना कधी ऐकलेले होते.

दुकान, पब आणि लाल डबा

कौन्सिलच्या कागदपत्रांपलीकडे गावाला एकत्र ठेवणाऱ्या जागा तीन-चारच असतात. चर्च, सभागृह, पब आणि टपाल कार्यालय असलेले दुकान. यांपैकी शेवटच्या दोन गेल्या काही दशकांत झपाट्याने कमी झाल्या. २००७ ते २००९ या काळात एका सरकारी कार्यक्रमांतर्गत देशभरातील सुमारे अडीच हजार टपाल कार्यालये बंद करण्यात आली.

काही गावांनी मात्र स्वतःच मालक होण्याचा मार्ग पत्करला. कम्ब्रियातील हेस्केट न्यूमार्केट या खेड्यातील ‘ओल्ड क्राउन’ हा पब २००३ मध्ये शंभराहून अधिक लोकांनी सहकारी तत्त्वावर विकत घेतला. सहकाराच्या मालकीचा ब्रिटनमधील हा पहिला पब मानला जातो. पुढे २०११ च्या कायद्याने अशा प्रयत्नांना आधार दिला. गावाला महत्त्वाची वाटणारी वास्तू यादीत नोंदवता येते. मालकाने ती विकायला काढली आणि गावाने रस दाखवला, तर पैसे जमवण्यासाठी या कायद्याने सहा महिन्यांची सवड दिली. अर्थात सवड म्हणजे हक्क नव्हे. मुदतीनंतर मालक ती वास्तू कोणालाही विकू शकतो. त्यामुळे सहा महिन्यांत समभाग विकून, जत्रा भरवून, केक विकून लाखो पौंड उभे करण्याची धडपड गावाला करावी लागते. ती दर वेळी यशस्वी होतेच असे नाही.

लाल टेलिफोन बूथची कथा अधिक सोपी आहे. भ्रमणध्वनी आल्यावर हे डबे निरुपयोगी झाले. २००८ पासून बीटी कंपनीने ते एका पौंडात गावांना देऊ केले. सॉमरसेटमधील वेस्टबरी-सब-मेंडिप या खेड्याने २००९ मध्ये आपल्या बूथमध्ये फळ्या ठोकून पुस्तके मांडली. एक पुस्तक ठेवा, एक घेऊन जा. त्यानंतर अनेक गावांत अशी ग्रंथालये झाली. कित्येक बूथमध्ये आता हृदय बंद पडल्यास झटका देणारे यंत्र बसवलेले दिसते. रुग्णवाहिकेला पोहोचायला वेळ लागणाऱ्या खेड्यात या यंत्रावर एखाद्याचा जीव अवलंबून असतो.

साउथ वॉर्नबरोची साक्ष

गाव म्हणजे काय याचा कस लागला तो हॅम्पशायरमधील साउथ वॉर्नबरो या खेड्यात. तेथे जो हॅमिल्टन या गावचे दुकान आणि टपाल कार्यालय चालवत. टपाल खात्याने बसवलेल्या ‘होरायझन’ या संगणक प्रणालीत त्यांच्या हिशेबात तूट दिसू लागली. त्यांनी घर गहाण ठेवून पैसे भरले, तरी तूट वाढतच गेली. अखेर छत्तीस हजार पौंडांच्या तुटीवरून त्यांच्यावर खटला भरण्यात आला. तुरुंग टाळण्यासाठी त्यांनी खोटे हिशेब ठेवल्याचे कबूल केले.

गावाने मात्र संगणकावर विश्वास ठेवला नाही. गावकऱ्यांनी पैसे गोळा केले. २००८ मध्ये शिक्षेच्या दिवशी सत्तराहून अधिक लोक न्यायालयात हजर राहिले. हॅमिल्टन तुरुंगातून वाचल्या, पण गुन्हेगार ठरल्या. दुकान गेले. नंतर त्यांनी लोकांच्या घरी साफसफाईची कामे केली, आणि ज्यांच्या घरांच्या किल्ल्या त्यांच्या हाती होत्या ते त्यांचे गावकरीच होते. सरेमधील वेस्ट बायफ्लीट येथील भारतीय वंशाच्या सीमा मिश्रा यांच्या वाट्याला तेवढीही सवलत आली नाही. नोव्हेंबर २०१० मध्ये गरोदर असताना त्यांना पंधरा महिन्यांची शिक्षा झाली.

नोव्हेंबर २००९ मध्ये देशभरातील असे काही पीडित प्रथमच एकत्र जमले, तेही वॉरिकशायरमधील फेनी कॉम्प्टन या खेड्याच्या सभागृहात. लढ्याला तेथे आकार आला. २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने प्रणालीत दोष असल्याचे मान्य केले. एप्रिल २०२१ मध्ये हॅमिल्टन व मिश्रा यांच्यासह ३९ जणांची दोषसिद्धी रद्द झाली, आणि मे २०२४ मध्ये संसदेने खास कायदा करून उरलेल्या शेकडो जणांना दोषमुक्त केले.

देशातील एक नावाजलेली संस्था, तिचे वकील आणि तिची यंत्रे यांना जे वर्षानुवर्षे दिसले नाही ते गावकऱ्यांना आधीच का दिसले? त्यांच्याकडे पुरावा नव्हता. दुकानदार बाईंना ते रोज पाहत होते, एवढेच.

डिसेंबर २०२४ मध्ये ब्रिटिश सरकारने श्वेतपत्रिका काढून उरलेल्या भागांतही काऊंटी व डिस्ट्रिक्ट एकत्र करून मोठ्या संस्था उभारण्याचा मनोदय जाहीर केला. खर्च वाचेल, कारभार सुटसुटीत होईल असे त्याचे समर्थन केले जाते. ते खरेही असेल. पण संस्था जितकी मोठी, तितके तिचे कार्यालय गावापासून दूर. अशा वेळी बसथांब्याजवळच्या फलकावर कोणती विषयपत्रिका लागते आणि ती वाचून किती जण सभागृहाकडे वळतात, यावर त्या गावाचे पुढचे दिवस बरेचसे ठरणार आहेत.