रक्तदान हे गुप्तदानच असावे

चतुर्थीचा सार्वजनिक उत्सव असो, एखाद्या संस्थेचा वर्धापनदिन असो वा पुढाऱ्याचा वाढदिवस, रक्तदान शिबिर हे आपल्या सार्वजनिक जीवनाचे नित्याचे अंग होऊन बसले आहे. दुसऱ्या दिवशी किती जणांनी रक्त दिले याचा आकडा वृत्तपत्रांत छापून येतो आणि संयोजक कृतार्थ होतात. या उत्साहाचे मोल आम्ही कमी लेखीत नाही. अपघातात सापडलेला तरुण, बाळंतपणात अतिरक्तस्राव झालेली माता, दर काही आठवड्यांनी रक्त घेतल्यावाचून ज्याला जगताच येत नाही असे थॅलेसेमियाचे मूल, या साऱ्यांचे प्राण अशा दात्यांवरच अवलंबून असतात. परंतु किती रक्त जमले, या प्रश्नाहून काकणभर अधिक महत्त्वाचा प्रश्न असा की, ते रक्त निर्धोक आहे काय? त्याचे उत्तर प्रयोगशाळेत जितके आहे तितकेच शिबिराच्या मांडवातही आहे, हे फारसे कोणाच्या ध्यानी येत नाही.

जमा झालेल्या प्रत्येक पिशवीतील रक्त एचआयव्ही, ब व क प्रकारची कावीळ, उपदंश आणि हिवताप या पाच रोगांसाठी तपासणे आपल्या देशात रक्तपेढ्यांवर कायद्याने बंधनकारक आहे. एचआयव्हीची तपासणी १९८९ पासून आणि क काविळीची २००१ पासून सक्तीची झाली. तथापि विषाणू शरीरात शिरल्यापासून तो तपासणीत दिसू लागेपर्यंत काही काळ जातो. यास ‘गवाक्ष काळ’ असे म्हणतात. त्या अवधीत माणूस धडधाकट दिसतो, त्याचे रक्त कसोटीस उतरते, आणि तरीही ते दुसऱ्याच्या शरीरात रोग नेऊ शकते. एचआयव्हीच्या बाबतीत आधुनिक तपासणीतही हा काळ सुमारे दोन-तीन आठवड्यांचा असतो. विषाणूचे जनुकद्रव्यच हुडकणारी ‘नॅट’ तपासणी तो दहा-बारा दिवसांपर्यंत खाली आणते. शून्यावर मात्र कोणतीच तपासणी आणू शकत नाही.

म्हणूनच रक्त काढण्यापूर्वी दात्याला विचारली जाणारी प्रश्नावली ही निव्वळ औपचारिकता नव्हे, ती पहिली चाळण होय. कावीळ झाली होती काय, गेल्या वर्षभरात अंगावर गोंदवून घेतले काय, नशेसाठी सुई टोचून घेतली काय, जोखमीचा शरीरसंबंध आला काय, या प्रश्नांची खरी उत्तरे मिळाली तर यंत्राच्या नजरेतून सुटणारा धोका तेथेच अडतो. पण माणूस खरे केव्हा बोलतो? खरे बोलल्याने त्याचे काही बुडत नसेल तेव्हा.

पैसा आला की हे सत्य प्रथम बुडते. रिचर्ड टिटमस या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञाने १९७० साली आपल्या ग्रंथात हेच प्रतिपादन केले होते. विकत घेतलेले रक्त दान केलेल्या रक्तापेक्षा अधिक घातक ठरते, कारण विकणाऱ्याला आजार लपविण्यातच लाभ असतो. त्याच्याच देशाने याची जबर किंमत मोजली. अमेरिकेत पैसे देऊन, तुरुंगातील कैद्यांकडूनसुद्धा, गोळा केलेल्या रक्तापासून बनविलेली औषधे तेथील हिमोफिलियाच्या रुग्णांना टोचली गेली. ती औषधे आणि दूषित रक्त मिळून तीस हजारांहून अधिक लोकांना संसर्ग झाला व सुमारे तीन हजार दगावले, असे मे २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चौकशी अहवालात नमूद आहे. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने ४ जानेवारी १९९६ रोजी दिलेल्या निर्णयानंतर १९९८ पासून धंदेवाईक रक्तविक्री बंद झाली, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु पैशाची जागा आता भिडेने घेतली आहे. ‘बदली रक्त आणा’ म्हटले की नातलगांची धावाधाव सुरू होते. मेहुण्याच्या शस्त्रक्रियेसाठी आलेला तरुण सासरच्या मंडळींदेखत आपली जोखीम कशी सांगणार? शिबिरात हेल्मेट वा घरगुती उपकरण बक्षीस ठेवणे हाही त्याच लोभाचा सोज्वळ अवतार आहे.

लोभ आणि भीड यांहूनही सत्याचा मोठा शत्रू म्हणजे भय. त्याचा धडा गोमंतकाने स्वतःच्या अंगणात घेतलेला आहे. पर्रा येथील डॉमनिक डिसोझा हे तरुण नियमाने स्वेच्छेने रक्त देत असत. त्यांच्या रक्तात एचआयव्ही आढळला, तेव्हा फेब्रुवारी १९८९ मध्ये पोलिसांनी त्यांना नेले आणि म्हापशाच्या जुन्या क्षयरोग रुग्णालयात चौसष्ट दिवस एकटे कोंडून ठेवले. सार्वजनिक आरोग्य कायद्यातील कलमाचा त्याला आधार होता. मातेने उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाकडे दाद मागितल्यावर एप्रिलमध्ये त्यांची सुटका झाली, परंतु ते कलम न्यायालयाने वैधच ठरविले. बाधितांसाठी संस्था उभारून १९९२ साली डिसोझा निवर्तले. या कोंडवाड्याने जनतेच्या आरोग्याचे रक्षण किती झाले? रक्त देणाऱ्यालाच शिक्षा होते हे पाहून किती भले दाते घरी बसले असतील, आणि किती जणांनी प्रश्नावलीत सरसकट ‘नाही’ लिहिले असेल, याची गणती कोण करणार? २०१८ मध्ये अंमलात आलेल्या केंद्रीय कायद्याने बाधितांना असे वेगळे डांबण्यास आणि त्यांची माहिती संमतीवाचून उघड करण्यास मनाई केली आहे. कायदा बदलला, मांडवातली रीत बदलली काय?

आजही कित्येक शिबिरांत हे नाजूक प्रश्न रांगेत, शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या कानांदेखत विचारले जातात. तेव्हा प्रत्येक शिबिरात प्रश्नावलीसाठी आडोशाची स्वतंत्र जागा असावी. रक्त दिल्यावरही ‘माझे रक्त वापरू नका’ असे गुपचूप कळविण्याची सोय दात्यास असावी. तपासणीत दोष आढळला तर तो केवळ त्यालाच, समुपदेशकामार्फत सांगितला जावा. ज्यांना तपासणीच करून घ्यायची आहे त्यांना सरकारी केंद्रांत ती विनामूल्य होते हे सांगावे, म्हणजे रक्तदानाचा आडमार्ग कोणी धरणार नाही. परत पाठविलेल्या दात्याकडे संयोजकांनी सन्मानानेच पाहावे, कारण खरे बोलून त्यानेही एका अनोळखी रुग्णास जपलेले असते. ‘नॅट’ तपासणी प्रत्येक रक्तपेढीच्या आवाक्यात आणणे हे शासनाचे कर्तव्य होय. लोहाच्या गोळ्यांनी भरून निघणाऱ्या अशक्तपणासाठी रक्त चढविण्याचा मोह टाळणे हे डॉक्टरांचे कर्तव्य. जे रक्त चढवावेच लागले नाही, त्यातून संसर्ग संभवत नाही.

२०११ साली जुनागढ येथे रक्तावर जगणाऱ्या थॅलेसेमियाच्या वीसहून अधिक बालकांना एचआयव्हीची बाधा झाल्याचे उघड झाले. त्या बालकांपुढे शिबिरांच्या आकड्यांना काय अर्थ? आपल्या परंपरेत गुप्तदानाची थोरवी सांगितली आहे. रक्तदानास ती अक्षरशः लागू पडते. दात्याचे गुपित राखणारी रक्तपेढीच रुग्णाचे प्राण राखू शकेल. यंदाच्या उत्सवात मंडळांनी मखराच्या खर्चातून आडोशाचा एक पडदा जरी उभारला, तरी त्यांची सेवा देवास पावेल, असे आम्हांस वाटते.