बेटकुळीखालचा कष्टकरी

हातखंबा तिठ्यावर जांभ्याच्या चिऱ्यांनी भरलेले ट्रक काही नवे नाहीत. खाणीवर हे चिरे हातांनी उचलून गाडीत चढवणाऱ्या गड्यांच्या दंडांना व्यायामशाळेच्या फलकावरच्यासारखी बेटकुळी असतेच असं नाही. मग ओझं पेलतं कोण?

घरीच पाहा. दोन-तीन किलोंची पिशवी मुठीत धरून कोपर काटकोनात दुमडा, मूठ उताणी ठेवा. दुसऱ्या हाताने दंड चाचपा, बेटकुळी टणक लागेल. आता कोपर न हलवता मूठ पालथी करा. बेटकुळी बरीच सैल पडते, पण पिशवी खाली येत नाही!

बेटकुळी म्हणजे बायसेप्स. त्याचं खालचं टोक अंगठ्याच्या बाजूच्या हाडाला धरतं आणि तेच हाड मनगटाबरोबर फिरतं. त्यामुळे कोपर दुमडण्याइतकंच मूठ उताणी करणं हेही त्याचं काम. लिओनार्दो दा विंचीने हे पाचशे वर्षांपूर्वी टिपून ठेवलं होतं. ती टिपणं त्याच्या हयातीत छापली गेली नाहीत याची फार हळहळ वाटते.

पालथ्या मुठीतली पिशवी मुख्यतः तोलतो तो बायसेप्सखाली दडलेला ब्रॅकिआलिस. तो करंगळीच्या बाजूच्या हाडाला जोडलेला असतो. हे हाड फिरत नाही, म्हणून मूठ कशीही असो, याची ओढ तीच. १९५७ साली बस्माजियन आणि लतीफ यांनी स्नायूंमधली विद्युत हालचाल नोंदली, तेव्हा हाच गडी हलक्या-जड, सावकाश-वेगवान अशा सगळ्या कामांत राबताना सापडला. फलकावर मात्र त्याचं नाव नाही.

आणि त्याची जागाही किती गैरसोयीची! हे स्नायू कोपरापासून जेमतेम चार-पाच सेंटिमीटरवर जोडलेले, ओझं मात्र सात-आठ पट लांब. बिजागरीपाशी ढकलून दार उघडावं, तसं हे. दुमडलेल्या हातात १० किलो धरायचे, तर स्नायूंना मिळून ७०-८० किलोंइतकी ओढ लावावी लागते. मोबदल्यात वेग मिळतो: स्नायू जरासा आखडला की पंजा लांबवर झेपावतो.

मागचा ट्रायसेप्स या दोघांहून दांडगा. चिरा वरच्या थरावर ढकलताना तो कामाला येतो. चिरा सावकाश खाली ठेवताना मात्र कोपर सरळ होत असलं, तरी ट्रायसेप्सला फारसं काम नसतं. पुढचेच स्नायू ताण न सोडता हळूहळू लांबत जातात. नव्या गड्याचे दंड दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ठणकतात, त्यात उचलण्यापेक्षा या उतरवण्याचा वाटा मोठा असतो.