जुना रेडिओ विकताना ‘चालू आहे का?’ला काय उत्तर द्यावे?

छत्रपती संभाजीनगर : माळ्यावरून उतरवलेल्या जुन्या रेडिओचे छायाचित्र विक्रीच्या संकेतस्थळावर झळकले, की प्रश्नांची सरबत्ती सुरू होते. ‘चालू आहे का?’, ‘शेवटची किंमत सांगा’, ‘एफएम लागते का?’, ‘किती साली घेतला?’, ‘लाल पारा आहे का?’ वडिलांच्या किंवा आजोबांच्या पश्चात घर आवरताना हाती लागलेला संच विकणाऱ्याला यांपैकी निम्म्या प्रश्नांची उत्तरे ठाऊक नसतात. मग घाईत ‘हो, चालू आहे’ असे लिहिले जाते आणि पुढच्या वादाची बीजे तिथेच पेरली जातात.

आठवडी बाजारात ग्राहक वस्तू उचलून पाहतो, बटण फिरवतो, मागचे झाकण उघडायला लावतो. नागपूर किंवा पुण्यात बसून खरेदी करणाऱ्याला ही सोय नाही. त्याचे प्रश्न हेच त्याचे हात आणि डोळे असतात. म्हणून उत्तर देताना तीन गोष्टी वेगवेगळ्या ठेवणे हिताचे ठरते : स्वतः पाहिलेले, प्रत्यक्ष तपासलेले आणि माहीत नसलेले. तिसऱ्या रकान्याची लाज वाटण्याचे कारण नाही. उलट तो रकाना भरलेला दिसला की जाणकार ग्राहकाचा पहिल्या दोन रकान्यांवरचा विश्वास वाढतो.

‘चालू’ या शब्दाचे चार अर्थ

जुन्या उपकरणांच्या व्यवहारात ‘चालू’ हा सर्वाधिक गैरसमज निर्माण करणारा शब्द आहे. डायलमागचा दिवा लागला तरी काहींच्या लेखी रेडिओ चालू असतो. कोणी खरखर ऐकू आली म्हणून समाधान मानतो, तर कोणी एक केंद्र लागले म्हणून. संग्राहकाच्या मनात मात्र सर्व बँड, आवाजाचे बटण आणि स्पीकर अर्धा तास विनातक्रार चालणे हा अर्थ असतो. त्यामुळे ‘चालू आहे’ याऐवजी असे उत्तर द्यावे : ‘काल रात्री वीस मिनिटे लावला. मीडियम वेव्हवर दोन केंद्रे स्पष्ट ऐकू आली. शॉर्ट वेव्हवर काही लागले नाही. आवाजाचे बटण फिरवताना खरखर होते.’ चार वाक्यांत ग्राहकाचे दहा प्रश्न मिटतात.

येथे एक खबरदारी. दिवसा काहीही न लागणारा संच बिघडलेलाच असतो असे नाही. मीडियम वेव्हवरील दूरची केंद्रे सूर्यास्तानंतर अधिक चांगली ऐकू येतात. घरातील एलईडी दिवे आणि मोबाइलचे चार्जर यांमुळेही खरखर वाढते. चाचणी रात्री, हे दिवे व चार्जर बंद करून घ्यावी आणि उत्तरात तसे नमूद करावे. व्हॉल्व्हचा संच बटण दाबताच बोलू लागत नाही. व्हॉल्व्ह तापायला अर्ध्या मिनिटाच्या आसपास वेळ लागतो, हेही नवख्या ग्राहकाला सांगावे लागते.

‘एफएम लागते का?’ या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा नकारार्थी असते. भारतात खासगी एफएम केंद्रे २००१ पासून सुरू झाली आणि त्याआधीच्या बहुतांश घरगुती संचांत हा बँडच नाही. हा दोष नव्हे; संचाची ती मूळ रचना आहे. इतके स्पष्ट लिहिले की चुकीचा ग्राहक आपोआप दूर होतो.

प्लग लावण्यापूर्वी

‘जरा लावून व्हिडिओ पाठवा’ ही मागणी साधी वाटते. पण वीस-तीस वर्षे बंद असलेल्या संचाला थेट २३० व्होल्टचा प्रवाह देणे धोक्याचे आहे. आतले कंडेन्सर इतक्या काळात निकामी झालेले असतात. अचानक पूर्ण दाब मिळाला की ते तापतात, कधी फुटतात आणि त्यांच्यासोबत महागडा व्हॉल्व्ह किंवा ट्रान्सफॉर्मरही जातो. दुरुस्ती करणारे कारागीर म्हणूनच असा संच आधी सिरीज बोर्डवर, म्हणजे तारेचा जुना दिवा मध्ये जोडून लावतात. आत शॉर्ट असेल तर दिवा प्रखर पेटतो आणि संच वाचतो.

दुसरा धोका जिवाचा आहे. देशातील काही शहरांत एके काळी डीसी वीज होती. तिच्यावरही चालावेत यासाठी काही रेडिओ ट्रान्सफॉर्मरविना बनवले जात. त्यांची लोखंडी चौकट थेट विजेच्या तारेला जोडलेली असू शकते. बटणाची प्लास्टिकची टोपी निघालेली असेल तर उघड्या दांड्याला हात लागूनही झटका बसतो. जुन्या टीव्हीच्या पिक्चर ट्यूबमध्ये वीज बंद केल्यानंतरही हजारो व्होल्टचा दाब शिल्लक राहू शकतो. अशा वेळी ‘मागचे झाकण काढून फोटो पाठवा’ या विनंतीला ‘कारागिराकडून काढून घेऊन पाठवतो’ किंवा ‘उघडलेला नाही, उघडणारही नाही’ असे सरळ उत्तर द्यावे. ‘तपासलेला नाही’ हे उत्तर पूर्णपणे प्रामाणिक आहे. त्यामुळे किंमत थोडी कमी येईल. पण जीव आणि संच दोन्ही सुरक्षित राहतील.

वय सांगताना

‘ब्रिटिशांच्या काळातला आहे’ असे घरातली मोठी माणसे सांगतात. त्यावर विसंबून जाहिरातीत तसे लिहू नये. पुरावा संचावरच शोधावा. डायलवर किलोहर्ट्झऐवजी किलोसायकल असेल तर संच बहुधा जुन्या पिढीतला. हर्ट्झ हे एकक आंतरराष्ट्रीय पातळीवर १९६० मध्ये स्वीकारले गेले. मागच्या पट्टीवरील मॉडेल क्रमांकाचे आणि व्हॉल्व्हवरील छापील अक्षरांचे जवळून छायाचित्र द्यावे. जाणकार त्यावरूनच काळ ओळखतो. १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत रेडिओला परवाना लागत असे आणि त्याचे वार्षिक शुल्क टपाल कार्यालयात भरले जाई. ते परवाना पुस्तक कपाटात सापडले तर ते संचासोबतच ठेवावे.

या शहराच्या बाबतीत तर या प्रश्नाला वेगळीच गोडी आहे. स्वातंत्र्याच्या वेळी संस्थानी मुलखात पाच रेडिओ केंद्रे होती : म्हैसूर, त्रिवेंद्रम, हैदराबाद, बडोदा आणि औरंगाबाद. २०२३ मध्ये नाव बदललेल्या या शहरात निजामी राजवटीतच प्रक्षेपण सुरू झाले होते. त्यामुळे येथील एखाद्या जुन्या वाड्यात खरोखरच त्या काळचा संच निघू शकतो. तेव्हा ‘आजोबांनी हैदराबादहून आणला असे घरात सांगतात, कागद नाही’ एवढे लिहावे. ऐकीव गोष्ट ऐकीव म्हणूनच सांगितली की तिचे मोल टिकते.

‘अँटिक’ हा शब्दही जपून वापरावा. पुरावशेष व कलानिधी कायदा, १९७२ नुसार साधारणतः शंभर वर्षे पूर्ण झालेली वस्तू पुरावशेष ठरू शकते आणि तिच्या विक्री व निर्यातीवर निर्बंध येतात. इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्रच २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले. त्यामुळे आपल्याकडील घरगुती रेडिओंना तो निकष सहसा लागू होत नाही. ‘जुना’ हा शब्द पुरेसा आहे.

सुटे भाग मिळतील का?

पैठण रस्त्यावरील चितेगावच्या कारखान्यामुळे व्हिडिओकॉन हे नाव या जिल्ह्यात घरचेच झाले होते. २०१८ मध्ये ही कंपनी दिवाळखोरी प्रक्रियेत गेली. तिचा जुना टीव्ही विकताना ‘कंपनीकडून भाग मिळतील’ असे आश्वासन देणे योग्य नव्हे. दूरदर्शनचे अँटेनावर दिसणारे अॅनालॉग प्रक्षेपणही २०२२ पर्यंत बहुतेक ठिकाणी बंद झाले. म्हणून पडद्यावर मुंग्या दिसतात एवढ्यावरून टीव्ही चांगला की वाईट हे ठरत नाही. जुना डीव्हीडी प्लेयर किंवा सेट-टॉप बॉक्स जोडून चित्र येते का ते पाहावे. टेपरेकॉर्डरमध्ये रबरी बेल्ट सैल होतो किंवा वितळून चिकटतो. ‘मोटर फिरते, कॅसेट फिरत नाही’ असे लिहिले की कारागीर समजून घेतो.

लाल पाऱ्याची अफवा

जुन्या रेडिओत आणि कृष्णधवल टीव्हीत लाखो रुपयांचा ‘लाल पारा’ असतो, ही अफवा वर्षानुवर्षे फिरते आहे. सौदी अरेबियात २००९ मध्ये शिवणयंत्रांबाबत हीच आवई उठली आणि जुन्या यंत्रांना अवाच्या सवा भाव आला होता. सांगितला जातो तसा चमत्कारी लाल पारा अस्तित्वातच नाही. व्हॉल्व्हच्या काचेवर आतून दिसणारा चंदेरी डाग हा पारा नसून, आत उरलेली हवा शोषण्यासाठी लावलेल्या बेरियमचा थर असतो. तो पांढरा पडला असेल तर आत हवा शिरली आणि व्हॉल्व्ह निकामी झाला असे समजावे. लाल पारा विचारणाऱ्याला ‘असे काही नसते’ एवढे उत्तर पुरे. आशेने व्हॉल्व्ह फोडू नयेत आणि ‘तपासणी शुल्क’ मागणाऱ्याला एक रुपयाही देऊ नये.

मौनाचीही किंमत

भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १७ मध्ये घोड्याच्या विक्रीचे उदाहरण आहे. दोषाबद्दल विक्रेता नुसता गप्प राहिला तर ती सहसा फसवणूक ठरत नाही. पण ‘तुम्ही नाकारले नाही तर घोडा निरोगी आहे असे मी धरतो’ असे ग्राहक म्हणाला आणि विक्रेता गप्प बसला, तर ते मौन बोलण्यासारखेच मानले जाते. रेडिओलाही हाच न्याय. ‘काही सांगितले नाहीत तर चालू समजतो’ या संदेशाला उत्तर न देणे महागात पडू शकते. वस्तू विक्री कायदा, १९३० नुसार वर्णनावरून विकलेली वस्तू त्या वर्णनाशी जुळली पाहिजे. म्हणून प्रश्नोत्तरे फोनवर झाली तरी शेवटी ती लिहून पाठवावीत.

पैशांच्या बाबतीत एकच नियम : रक्कम मिळवण्यासाठी यूपीआय पिन कधीही टाकावा लागत नाही. वस्तू न पाहता, एकही प्रश्न न विचारता मागाल ती किंमत देऊ करणारा आणि क्यूआर कोड पाठवणारा ग्राहक संशयास्पद समजावा. फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे. खरा ग्राहक बहुधा प्रश्न विचारून भंडावून सोडणाराच असतो.

उत्तर देण्यापूर्वी

– पाहिलेले, तपासलेले आणि माहीत नसलेले वेगळे लिहावे.
– तडा, गंज, सेल गळून पडलेले डाग यांचे छायाचित्र आधीच द्यावे.
– ‘शेवटची किंमत’ एकदाच सांगावी आणि ती सर्वांना सारखीच सांगावी.
– पाठवणीचा खर्च आणि वाटेतील मोडतोड कोणाकडे, हे पैसे घेण्यापूर्वी ठरवावे. डायलची काच व बॅकेलाइट ठिसूळ असते. दोन खोक्यांत भरावे.
– बंद संच ‘बंद, सुट्या भागांसाठी’ असाच विकावा. त्यालाही ग्राहक मिळतो.