रोटरी टूल बंद पडले, आता नवे कोणते?

गणपतीला तीन आठवडे राहिले असताना आमचे रोटरी टूल बंद पडले. मखराच्या पितळी पट्ट्या कापून झाल्या होत्या, पण त्यांच्या कडा घासायच्या राहिल्या होत्या. जुन्या समईच्या खोबणीतले काळे डागही तसेच होते. आधी करपल्याचा वास आला, मग थोडा धूर, आणि मग यंत्र गप्प. आपल्या वर्गातल्या आम्ही तीन कुटुंबांनी एका गराजमध्ये धातुकामाचे छोटे टेबल मांडले आहे, हे बऱ्याच जणांना ठाऊक आहे. त्यामुळे पुढच्याच रविवारी वर्ग सुटल्यावर दोन-तीन पालकांनी विचारले, "मग आता कोणते घेणार?" त्याचे उत्तर शोधताना आमच्या ज्या चुका आमच्याच लक्षात आल्या, त्या इथे लिहीत आहोत.

मुलांनो, ज्यांनी हे यंत्र पाहिले नसेल त्यांनी दाताच्या डॉक्टरांचे ड्रिल आठवावे. रोटरी टूल त्याच जातीचे. जाड पेनासारखे हातात धरायचे, आणि त्याच्या टोकाला बसवलेला बारीकसा तुकडा मिनिटाला हजारो फेरे घेतो. तो तुकडा दात्यांचा असला तर धातू खरवडतो, दगडाचा असला तर घासतो, पातळ चकती असली तर कापतो आणि नमद्याचा असला तर चकाकी आणतो. अमेरिकेत सगळे त्याला सरसकट 'ड्रेमेल' म्हणतात, जसे आपल्याकडे कुठल्याही वनस्पती तुपाला डालडा म्हणत. ड्रेमेल हे खरे तर एका माणसाचे आडनाव. अल्बर्ट ड्रेमेल यांनी १९३२ साली विस्कॉन्सिन राज्यातल्या रसीन या गावी कंपनी काढली. १९९३ पासून ती बॉशच्या मालकीची आहे.

नवे घेण्याआधी जुने खरोखर मेले आहे का, हे पाहावे. या मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवायला दोन्ही बाजूंनी कार्बनचे दोन छोटे तुकडे टेकलेले असतात. त्यांना कार्बन ब्रश म्हणतात. पेन्सिलीच्या शिशासारखे ते झिजत जातात. सुमारे ३ मिलिमीटरपेक्षा आखूड झाले की यंत्र अडखळते, आत जास्त ठिणग्या दिसतात आणि एक दिवस ते चालूच होत नाही. पुष्कळशा यंत्रांना बाजूला दोन चपट्या टोप्या असतात. प्लग काढून त्या स्क्रूड्रायव्हरने उघडल्या की ब्रश बाहेर येतात. नवी जोडी अगदी थोडक्या पैशांत मिळते. ती बसवून दहा-पंधरा मिनिटे यंत्र नुसतेच, काही न घासता चालवायचे, म्हणजे ब्रशांची टोके नीट बसतात. एवढ्याने यंत्र सुरू झाले तर हा लेख इथेच मिटून ठेवायला हरकत नाही.

आमचे ब्रश चांगले होते. तेव्हा पोरांना बोलावले, प्लग काढला आणि यंत्र उघडले. आत जे दिसले त्यामुळेच आमची पुढची निवड ठरली. हवा आत घेणाऱ्या जाळीपासून वाइंडिंगपर्यंत सगळीकडे लोखंडाची आणि पितळेची काळपट भुकटी चिकटली होती. या यंत्रात मोटर थंड ठेवणारा पंखा मोटरच्याच दांड्यावर असतो. तो बाहेरची हवा ओढतो, आणि आपण धातू घासत असलो तर हवेबरोबर धातूची पूडही ओढतो. लाकडाची पूड आत गेली तर घाण होते. धातूची पूड मात्र वीज वाहून नेते.

दुसरे कारण आमचा हात. शेवटच्या दिवशी आम्ही स्टेनलेस स्टीलच्या पट्टीची कड घासत होतो. स्टेनलेस जास्त वेगात तापते आणि आणखी कडक होते, म्हणून आम्ही वेग कमी केला, ते बरोबरच होते. पण काम पुढे सरकेना म्हणून जोर लावला. जोर लावला की फेरे आणखी घटतात, मोटर जास्त वीज ओढते, जास्त तापते, आणि नेमका त्याच वेळी पंखा हळू झालेला असतो. चौथ्या गिअरमध्ये खंबाटकीचा घाट चढवला तर गाडीच्या इंजिनाचे जे होईल, तेच झाले. वाइंडिंग जळले. ते पुन्हा भरून घेण्याचा खर्च नव्या यंत्राच्या जवळपास जात होता.

आता दुकानात गेल्यावर खोक्यावर सर्वांत मोठा आकडा दिसतो तो फेऱ्यांचा. आम्हीही आधी तोच पाहत होतो. ड्रेमेल ४००० या मॉडेलचा वेग मिनिटाला ५,००० ते ३५,००० फेरे असा आहे. फोरडम कंपनीची टांगायची एसआर मोटर १८,००० वर थांबते. मग पहिले दुप्पट चांगले का? आठवीतल्या एका मुलीने वहीत हिशेब मांडला, तो इथे देतो. कडेचा वेग म्हणजे पाय गुणिले व्यास गुणिले फेरे. ३८ मिलिमीटरची कापायची चकती २०,००० फेऱ्यांना फिरली तर तिची कड सेकंदाला सुमारे ४० मीटर धावते, म्हणजे ताशी १४३ किलोमीटर. तीच ३५,००० वर नेली तर ताशी २५० किलोमीटर! उलट ३ मिलिमीटरचा दात्यांचा तुकडा २०,००० वर फिरला तरी त्याची कड ताशी ११ किलोमीटरच जाते. म्हणजे फार वेग लागतो तो छोट्या तुकड्यांना, आणि तोही थोड्याच कामांना. तारेच्या ब्रशला तर १५,००० ही कमाल मर्यादा सांगितलेली असते, नाहीतर तारा सुटून अंगावर येतात. समई घासायला आम्ही बहुतेक वेळ त्याच्याही खाली असतो.

धातूला वेगापेक्षा पीळ हवा. पीळ म्हणजे फिरवण्याची ताकद, मशीन टेकवले तरी न अडता फिरत राहण्याची. हा आकडा खोक्यावर सहसा नसतोच. वॉट पाहावेत तर त्यातही घोळ आहे. ड्रेमेल ४००० वर १.६ अँपिअर लिहिले आहे. १२० व्होल्टला गुणले की सुमारे १९० वॉट येतात, पण ते यंत्र भिंतीतून ओढते तेवढे. फोरडम एसआर ही एक-षष्ठांश हॉर्सपॉवरची, म्हणजे सुमारे १२४ वॉट, पण ते मोटर बाहेर देते तेवढे. एक पगाराचा आकडा, दुसरा हातात पडणारा. त्यांची तुलना करू नये.

भारतात सोनाराच्या दुकानात गेलात तर कारागिराच्या डोक्यावर छताला एक मोटर टांगलेली दिसेल. तिच्यातून काळ्या नळीत फिरणारी लवचीक तार खाली येते, तिच्या टोकाला बोटाएवढी जाड मूठ, आणि वेग पायाखालच्या पेडलवर, शिवणयंत्रासारखा. फोरडम हीच रचना करते आणि अमेरिकेतले दागिने घडवणारेही हीच वापरतात. आमच्या जळलेल्या यंत्राच्या दोन्ही तक्रारींवर इथे उत्तर सापडते. मोटर वर असते, म्हणून धातूची पूड तिच्यापर्यंत फारशी जात नाही. आणि मोटरचे वजन हाताला पेलायचे नसल्यामुळे ती दणकट करता येते. मुलांच्या हाताला मूठ हलकी लागते आणि तापलेली मोटर तळहातात नसते. एक तोटाही आहे. ती टांगायला जागा लागते, उचलून कुठेही नेता येत नाही. नळी कोपऱ्यातून काटकोनात वळवली तर आतली तार तापून लवकर जाते, आणि सुमारे ५० तासांच्या कामानंतर तारेला ग्रीस द्यावे लागते. ज्याला हा व्याप नको त्याने घेऊ नये.

आणखी दोन पर्याय आम्ही पाहिले. हवेवर चालणारा डाय ग्राइंडर जोरदार असतो, पण त्याला मोठा कॉम्प्रेसर लागतो आणि शेजारी लगेच दारात येतात. बॅटरीवरचे यंत्र घरातल्या किरकोळ कामाला छान, पण तासभर पितळ घासायचे तर बॅटरी मध्येच मान टाकते. ज्यांना वर्षातून चार वेळा एखादी निरांजन चकाकवायची आहे किंवा बोल्टची कड मोडायची आहे, त्यांनी हातातलेच साधे यंत्र घ्यावे. ते वाईट नाही. आम्ही त्याच्याकडून बैलाचे काम घेतले, ही चूक आमची.

कोणतेही घ्या, दुकानात दोन गोष्टी हाताने तपासा. टोकाची दांडी बोटांत धरून डावी-उजवीकडे हलवा. खडखड जाणवली तर ते परत ठेवा. मग एक सरळ पिन बसवून हळूच फिरवा आणि पिनेचे टोक पाहा. ते एका जागी दिसले पाहिजे, वर्तुळ काढत असेल तर तुकडा धातूवर घासण्याऐवजी आपटेल. ज्या चिमट्यात तुकडा बसतो त्याला कॉलेट म्हणतात. अमेरिकेत तो बहुधा एक-अष्टमांश इंचाचा, म्हणजे ३.१७५ मिलिमीटरचा. भारतातून येताना कोणी ३ मिलिमीटर दांडीचे तुकडे आणले तर ते त्यात गेल्यासारखे वाटतात, पण घट्ट धरले जात नाहीत. आम्ही तसा प्रयोग केला आणि तुकडा गराजच्या दाराला जाऊन लागला. ३ मिलिमीटरचा वेगळा कॉलेट घ्यावा, किंवा ते तुकडे वापरू नयेत. फोरडमच्या ३० नंबरच्या मुठीला चावीचा चक असतो. तो ४ मिलिमीटरपर्यंतची कुठलीही दांडी धरतो, त्यामुळे आमचा हा प्रश्न सुटला.

व्होल्टेजचेही तसेच. भारतातले २३० व्होल्टचे यंत्र इथे १२० वर रडत चालते. इथले यंत्र मामाला भेट म्हणून नेऊन तिथल्या भिंतीत लावले तर क्षणभर भयंकर वेगाने फिरेल आणि जळेल. ते नेऊच नका.

खरे सांगायचे तर यादी करताना असेही लक्षात आले की निम्मी कामे या यंत्राची नव्हतीच. ६ मिलिमीटरची सळई हॅकसॉने दोन मिनिटांत कापते. पट्टीची लांब सरळ कड कानशीनेच सरळ होते, फिरत्या तुकड्याने ती लाटालाटांची होते. म्हणून नव्या मोटरबरोबर दोन चांगल्या कानशीही घेतल्या.

शेवटी टांगायची मोटरच आणली. आमच्या टेबलावरचे नियम मुलांनीच फळ्यावर लिहिले आहेत. चष्मा घातल्याशिवाय पेडलला पाय लावायचा नाही, कारण चकती फुटली तर तिचा तुकडा वर सांगितलेल्या वेगानेच येतो. केस बांधलेले, ओढणी काढलेली, सैल हातमोजे नाहीत, तोंडाला मास्क. तुकडा बदलताना प्लग काढायचा. पेडलवर चुकून पाय पडतो, हे पहिल्याच दिवशी कळले. चावी चकमध्ये विसरायची नाही. पेडलचा फायदा असा की दचकून पाय उचलला की मोटर थांबते. हातातल्या यंत्राचे बटण अशा वेळी सापडत नाही.

पट्ट्यांच्या कडा चतुर्थीच्या दोन दिवस आधी पुऱ्या झाल्या. समईचा एक डाग अजून आहे. जळलेले जुने यंत्र फेकलेले नाही. ते उघडून एका पुठ्ठ्यावर लावले आहे आणि ब्रश, वाइंडिंग, पंखा, कॉलेट अशा मराठी अक्षरांतल्या चिठ्ठ्या चिकटवल्या आहेत. पुढच्या रविवारी ते वर्गात मागच्या बाकावर ठेवू. हात लावून पाहा, फक्त नंतर हात धुवा. आतली काळी पूड सहज निघत नाही.